टीव्हीमागची छोटी डबी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

रेडिओवर बसून टीव्हीविषयी बोलायचे, म्हणजे थोरल्या भावाच्या घरी जेवून धाकट्याचे गुण गाण्यासारखे आहे. तरीही आज ते करणार आहे, कारण गेली काही वर्षे एकच प्रश्न मला लग्नात, बँकेच्या रांगेत, अगदी दवाखान्यातसुद्धा विचारला जातो. "सर, आमचा टीव्ही अजून ठणठणीत आहे, पण त्यावर इंटरनेटवरचे सिनेमे, मालिका दिसत नाहीत. नवा टीव्ही घ्यावा, की मागे लावायची ती छोटी डबी घ्यावी? आणि डबी घ्यायची तर कोणती? बाजारात दीड हजारालाही मिळते आणि पंधरा हजारालाही."

माझी सारी नोकरी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली. त्यामुळे लोकांची अपेक्षा असते, की मी एका कंपनीचे नाव सांगावे म्हणजे काम झाले. पण नाव सांगून फारसा उपयोग होत नाही. या डब्यांची मॉडेले वर्षा-दोन वर्षांत बदलतात. आज सांगितलेले नाव पुढच्या दिवाळीला दुकानात असेलच असे नाही. त्यापेक्षा डबी पारखायची कशी हे कळले, तर ते ज्ञान पुढच्या खरेदीलाही कामी येते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले आकडे बहुधा बिनकामाचे असतात आणि जे खरोखर पाहायला हवे ते तिथे छापलेलेच नसते, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

पडदा टिकतो, डोके थकते

टीव्हीत मुळात दोन वस्तू एकत्र बसवलेल्या असतात. एक पडदा आणि दुसरे त्याच्या आतले डोके, म्हणजे छोटा संगणक. पडदा दहा-दहा वर्षे चांगले चित्र दाखवतो. पण आतला संगणक तीन-चार वर्षांत मंद होतो, त्याला नवी अॅप्स चालत नाहीत, आणि घरातले सगळे म्हणू लागतात, "टीव्ही बदलायला झाला." बदलायला झालेले असते ते डोके. पडद्याचा काही गुन्हा नसतो. ते डोके बाहेरून जोडता आले, तर चांगला पडदा भंगारात घालायचे कारण उरत नाही. पंचवीस-तीस हजारांचे काम तीन-चार हजारांत होते.

बाहेरून डबी जोडणे आपल्याला नवे नाही. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२ पासून केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांना ३१ मार्च २०१३ ची मुदत होती. त्या बॉक्सपर्यंत केबलमधून सगळ्या वाहिन्या एकदमच येतात आणि तो त्यातली एक निवडून दाखवतो. इंटरनेटच्या डबीचे तसे नाही. ती तुम्ही मागितलेला एकच कार्यक्रम दूरच्या संगणकाकडे मागते आणि तो थोडाथोडा करून फक्त तुमच्याकडे पाठवला जातो. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. सिनेमा डबीत साठत नाही. नळाचे पाणी ओंजळीत घेऊन प्यावे, तसा तो येतो आणि जातो.

अॅपलने २००७ मध्ये अशी पेटी विकायला काढली. अमेरिकेत २००८ मध्ये रोकू कंपनीची पेटी आली. पण ही वस्तू खऱ्या अर्थाने स्वस्त झाली ती २०१३ मध्ये, जेव्हा गूगलने क्रोमकास्ट नावाची बोटभर लांबीची काडी ३५ डॉलरला आणली. भारतात ती डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना मिळू लागली. अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना आली. त्यानंतर आपल्याकडे या बाजारात गर्दी झाली आणि गोंधळही.

पुरणयंत्राची गोष्ट

आता डबीच्या पोटात काय चालते ते पाहू. पूर्ण एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवायची असतात. गुणाकार केला तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. एवढी माहिती तुमच्या घरच्या इंटरनेटमधून येणे शक्य नाही. प्रत्यक्षात पूर्ण एचडी सिनेमाला सेकंदाला ५० लाख बिट, म्हणजे ५ मेगाबिटचा वेग पुरतो. याचा अर्थ तो सिनेमा जवळजवळ अडीचशे पट आवळून पाठवलेला असतो.

हे साधते कसे? बातम्या देणारी बाई बोलत असते तेव्हा तिचे ओठ हलतात, पण मागची भिंत हलत नाही. मग दर वेळी भिंत कशाला पाठवायची? "भिंत मघाचीच, ओठ एवढे बदलले" इतकाच निरोप पाठवला की भागते. अशा शेकडो युक्त्यांनी चित्र आवळले जाते. आवळण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. एच.२६४ ही २००३ सालची, एच.२६५ किंवा एचईव्हीसी २०१३ ची. गूगलची व्हीपी९ त्याच सुमाराची आणि एव्ही१ ही २०१८ ची. पद्धत जितकी नवी, तितके चित्र अधिक आवळले जाते आणि तितकेच ते उलगडायला अधिक कष्ट पडतात.

हे उलगडणे दोन प्रकारे होते. एक तर डबीतला सर्वसाधारण प्रोसेसर गणिते करत बसतो. नाहीतर चिपमध्ये खास त्या एकाच कामासाठी घडवलेला भाग असतो, तो ते चुटकीसरशी करतो. पुरण पाट्यावरही वाटता येते आणि पुरणयंत्रातूनही काढता येते. पुरणयंत्राला दुसरे काही येत नाही, पण पुरण मात्र ते घाम न गाळता काढते. डबीत त्या-त्या पद्धतीचे 'पुरणयंत्र' आहे की नाही, हा पहिला खरा प्रश्न. नसेल तर सिनेमा अडखळतो, डबी तापते आणि वीजही जास्त खाते.

याचे छान उदाहरण म्हणजे रास्पबेरी पाय. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी फेब्रुवारी २०१२ मध्ये हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक ३५ डॉलरला काढला. त्याचा प्रोसेसर अगदी साधा होता, ७०० मेगाहर्ट्झचा. त्यावर साधे इंटरनेटचे पान उघडायलाही वेळ लागे, पण पूर्ण एचडी सिनेमा मात्र तो सुरळीत दाखवायचा, कारण चिपमध्ये एच.२६४ चे पुरणयंत्र होते. डीव्हीडी ज्या पद्धतीची असते, त्या एमपेग-२ साठीचे यंत्रही चिपमध्ये होते, पण ते कुलूपबंद. त्याच्या परवान्याचे वेगळे पैसे भरल्यावर ते उघडायचे. पुढे २०२३ मध्ये पाय-५ आला. तो कितीतरी पटीने वेगवान आहे, पण त्यातून एच.२६४ चे यंत्रच काढून टाकले आहे. ते काम आता प्रोसेसर अंगमेहनतीने करतो. प्रोसेसर ताकदवान असल्याने जमते, हा भाग वेगळा. पण जास्त आकडा म्हणजे जास्त सोयीची वस्तू, असे नसते हे यावरून कळावे.

म्हणून दुकानदार "सोळा जीबी रॅम, अडीचशे जीबी साठा" असे सांगू लागला की भुलू नका. सिनेमा डबीत साठतच नाही, तर एवढा साठा कशाला? नुसत्या स्ट्रीमिंगला दोन जीबी रॅम आणि आठ जीबी साठा पुरतो. विचारायचे ते हे, की "एच.२६५, व्हीपी९ आणि एव्ही१ चिपमध्येच उलगडते का?" यूट्यूबवर व्हीपी९ आणि एव्ही१ यांचा मोठा वापर आहे. शक्य असेल तर एव्ही१ असलेली डबी घ्यावी, ती जास्त वर्षे उपयोगी पडेल.

४के चेही तसेच. घरोघरी असलेल्या ३२ इंची टीव्हींपैकी अनेकांचा पडदा १,३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो. म्हणजे पूर्ण एचडीसुद्धा नाही. त्याला ४के डबी लावून चित्र ४के होत नाही. लोटीत घागर ओतल्यासारखे होते. टीव्ही ४के असेल तरच ४के डबीला वेगळे पैसे द्या. आणि मग हेही लक्षात ठेवा, की नेटफ्लिक्ससारखी कंपनी ४के साठी सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग मागते.

वॅटाचा हिशेब

स्वस्त वस्तूची किंमत दोनदा मोजावी लागते. एकदा दुकानात, आणि मग दर महिन्याच्या बिलात. इथे मात्र या छोट्या डब्यांचे कौतुक करावे लागेल. चांगली डबी चालू असताना दोन ते चार वॅट वीज घेते. रास्पबेरी पायसारखा संगणक चार-पाच वॅट घेतो. घरातला जुना डेस्कटॉप संगणक टीव्हीला जोडला, तर तो सहज ८० वॅट घेईल.

कागदावर मांडू. तीन वॅटची डबी वर्षभर अहोरात्र चालू ठेवली, तर ३ गुणिले २४ गुणिले ३६५, म्हणजे सुमारे २६ युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले, तर वर्षाचे २१० रुपये. ८० वॅटचा संगणक रोज फक्त चार तास चालवला, तरी वर्षाला ११७ युनिट, म्हणजे ९३५ रुपये होतात. तो चोवीस तास चालू राहिला तर ७०० युनिट आणि साडेपाच हजारांवर रुपये. जुना संगणक फुकट मिळाला, तरी तो वर्षभरात डबीची किंमत वसूल करू शकतो.

इथे अजून एक खोच आहे. रिमोटने टीव्ही बंद केला तरी मागची पेटी चालूच असते. दहा वॅटचा सेट टॉप बॉक्स वर्षभर चालू राहिला, तर सुमारे ८८ युनिट, म्हणजे सातशे रुपये जातात. रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय ही सर्वांत स्वस्त बचत आहे.

कमी वॅटचे आणखी दोन फायदे आहेत. एक, पंखा लागत नाही, त्यामुळे आवाज नाही आणि धूळही आत ओढली जात नाही. दोन, वीज गेली की राउटर, डबी आणि छोटा एलईडी टीव्ही हे तिन्ही घरच्या इन्व्हर्टरवर निवांत चालतात. भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको.

एक तक्रार नेहमी येते. "डबी मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते." अशा वेळी डबीला दोष देण्याआधी तिची वीज कुठून घेतली आहे ते पाहा. पुष्कळदा ती टीव्हीच्याच यूएसबीच्या खाचेत खोचलेली असते. साध्या यूएसबी २.० खाचेतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. डबीला क्षणभर तीन-चार वॅट हवे झाले, की ती कोलमडते. सोबत आलेला अॅडॉप्टर भिंतीच्या सॉकेटला लावला, की बहुतेकांची तक्रार मिटते. डबी बंद शोकेसमध्ये कोंबू नका, ती तापते. आणि टीव्हीच्या पत्र्याला चिकटून असेल, तर वायफायही नीट पकडत नाही. खोक्यात एक वीतभर लांबीची एचडीएमआयची जोडवायर येते, ती शोभेची नसते. ती लावून काडी बाहेर काढावी.

कुलूप, किल्ली आणि फुकटचा मोह

आता सगळ्यांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. सिनेमा दाखवणाऱ्या कंपन्या आपला माल कुलूप लावून पाठवतात. त्या कुलपाची एक प्रचलित पद्धत म्हणजे गूगलची वाइडवाइन. तिच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीच्या, म्हणजे एल-१ डबीत किल्ली चिपच्या सुरक्षित कप्प्यात असते. एल-३ डबीत ती नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि म्हणून कंपन्या तिच्यावर भरवसा ठेवत नाहीत. एल-३ डबीला नेटफ्लिक्स साधारण ४८० रेषांचे चित्र देते. पूर्ण एचडीत १,०८० रेषा असतात. म्हणजे खोक्यावर '८के' छापलेली डबी घरी आणायची आणि पैसे भरून घेतलेला सिनेमा धूसर बघायचा, असा प्रकार होतो. रास्पबेरी पायचीही हीच अडचण आहे. घरातले व्हिडिओ, जुन्या डीव्हीडीवरून उतरवलेले सिनेमे यासाठी तो उत्तम, पण ज्यांना विकतच्या मालिकाच बघायच्या आहेत त्यांच्यासाठी तो नाही.

धूसर चित्रावर निभावले असते तर मी एवढा वेळ घेतला नसता. अँड्रॉइड ही प्रणाली खुली आहे. कुणीही ती घेऊन आपल्या डबीत घालू शकतो. 'अँड्रॉइड टीव्ही' किंवा 'गूगल टीव्ही' हे नाव अधिकृतपणे लावायला मात्र तपासणी लागते. ज्या डब्या या तपासणीतून गेलेल्याच नाहीत, त्यांच्या आत काय भरले आहे ते घेणाऱ्याला कळत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी अशीच एक बिननावाची डबी आणली होती. "आयुष्यभर सगळ्या वाहिन्या फुकट," असे सांगून ती त्यांना विकली गेली. महिनाभराने त्यांचे इंटरनेट रांगू लागले. मी जाऊन पाहिले. रात्री अकरा वाजता टीव्ही बंद, घरातले सगळे फोन बंद, तरी राउटरचा दिवा सारखा लुकलुकत होता. डबीची पिन काढली आणि दिवा शांत झाला. पुन्हा लावली, पाच मिनिटांत लुकलुक सुरू. काका म्हणाले, "अहो, पण बघत तर कुणीच नाहीये!" बघत कुणीच नव्हते, पण डबी कामावर होती. कुणाच्या कामावर, हे आम्हा दोघांनाही कळायला मार्ग नव्हता.

हे काकांपुरते नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या रशियन सुरक्षा कंपनीने जाहीर केले, की १९७ देशांतल्या सुमारे १३ लाख टीव्ही पेट्यांमध्ये 'व्हॉइड' नावाने ओळखला जाणारा घातक प्रोग्रॅम सापडला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 'बॅडबॉक्स' हा प्रोग्रॅम आधीच भरून विकल्या गेलेल्या सुमारे ३० हजार उपकरणांचा त्यांच्या चालवणाऱ्यांशी असलेला संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा डब्यांविषयी जनतेला जाहीर इशारा दिला. जुलै २०२५ मध्ये गूगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, त्यात एक कोटीहून अधिक अप्रमाणित उपकरणे या जाळ्यात असल्याचे म्हटले आहे.

या डब्या करतात काय? एक तर गुपचूप जाहिरातींवर खोट्या टिचक्या मारतात आणि त्याचे पैसे कुणीतरी खातो. दुसरे याहून वाईट. तुमची इंटरनेट जोडणी त्या परक्या माणसांना भाड्याने देतात. तो माणूस तुमच्या घरातून बाहेर पडल्यासारखा इंटरनेटवर वावरतो. त्याने कुणाला फसवले, तर शोध घेणाऱ्याला पहिला पत्ता सापडतो तो तुमच्या घराचा. शिवाय ज्या वायफायवर तुमचा फोन आणि मुलीचा लॅपटॉप असतो, त्याच वायफायवर हा पाहुणा चोवीस तास बसलेला असतो. डबी 'रीसेट' केली तरी उपयोग होत नाही, कारण प्रोग्रॅम मुळातच भरलेला असतो. तिला वायफायवरून कायमची उतरवणे हाच उपाय.

ओळखायचे कसे? वाहिन्या कायमच्या फुकट देण्याचे आमिष ही पहिली खूण. नियमित दुकानाऐवजी कुठल्यातरी भलत्या ठिकाणाहून अॅप उतरवायला सांगणे, किंवा सुरक्षा तपासणी बंद करायला सांगणे, ही दुसरी. कंपनीचे नाव, पत्ता, मदतीचा क्रमांक यांचा पत्ता नसणे, ही तिसरी. गूगल आपल्या संकेतस्थळावर अँड्रॉइड टीव्हीच्या अधिकृत भागीदारांची यादी देते, त्यात नाव आहे का ते घरातल्या एखाद्या मुलाला पाहायला सांगा. आपल्याकडे सेट टॉप बॉक्स आणि अॅडॉप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. वस्तूवर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोफत अॅपमध्ये घालून तपासता येतो. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचे काम आहे. ब्युरोची ही नोंदणी वस्तू वापरायला सुरक्षित असल्याची असते, आतल्या प्रोग्रॅमची नव्हे. पण जो तेवढाही क्रमांक दाखवू शकत नाही, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास का ठेवावा?

आणि चांगली डबी आणली, तरी राउटरमध्ये 'गेस्ट', म्हणजे पाहुण्यांच्या वायफायची सोय असेल, तर तिला तिकडेच बसवावे. पाहुण्याला ओसरी, माजघर नको.

जोडणी, रिमोट आणि पुढची वर्षे

घरी येऊन डबी जोडायची खाचच नाही, असे होऊ नये. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची रिकामी खाच आहे का ते आधी पाहा. जुन्या फुगीर पडद्याच्या टीव्हीला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिनांची जागा असते. त्यासाठी मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागतो. दुकानात दिसायला सारखे असे दोन कन्व्हर्टर मिळतात. आपल्याला 'एचडीएमआयकडून एव्हीकडे' जाणारा हवा, उलटा घेतला तर चालणार नाही. त्याला वेगळी वीजही लागते. आणि कुलूपबंद सिनेमे या कन्व्हर्टरमधून दिसतीलच याची खात्री नसते, म्हणून पैसे देण्यापूर्वी परत घेण्याची बोली करून घ्या.

रिमोटकडे आपण फार दुर्लक्ष करतो. तरुणांना चार रिमोट चालतात. पण आजी-आजोबांना टीव्हीचा एक, केबलचा एक, डबीचा एक असे तीन रिमोट हातात दिले, की ते टीव्ही बघणेच सोडून देतात. एचडीएमआयमध्ये सीईसी नावाची सोय असते. तिने एका रिमोटने दोन्ही वस्तू चालू-बंद होतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये तिला प्रत्येक कंपनीने निराळे नाव दिले आहे. सॅमसंग एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. ती शोधून चालू करा. डबीच्या रिमोटवर आवाज कमी-जास्त करायचे बटण असावे आणि बोलून शोधायची सोय मराठी समजते का, हेही करून पाहावे.

शेवटचा मुद्दा आयुष्याचा. ट्यूबलाइट लावली की ती जळेपर्यंत चालते. डबीचे तसे नाही. ती कंपनीच्या मागून येणाऱ्या सुधारणांवर जगते. २०१३ सालच्या पहिल्या क्रोमकास्टला गूगलने २०२३ मध्ये सुधारणा देणे थांबवले. दहा वर्षे, म्हणजे चांगलेच म्हणायचे. दुसऱ्या पिढीची, २०१५ सालची क्रोमकास्ट मात्र मार्च २०२५ मध्ये जगभर एकाएकी काम करेनाशी झाली. डबी बिघडली नव्हती. तिच्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांनी गूगलने सुधारणा पाठवली तेव्हा त्या पुन्हा चालू झाल्या. मागे उभी राहणारी कंपनी असल्यामुळे ते झाले. बिननावाच्या डबीची मुदत संपली, की तिला विचारणारा कुणी नसतो. म्हणून खरेदीपूर्वी विचारा, "हिला सुधारणा किती वर्षे मिळणार?" उत्तर न देता आल्यास ती तीनशे रुपयांनी स्वस्त आहे याला अर्थ नाही.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. ही डबी प्रत्येक घराला लागतेच असे नाही. काही इंटरनेट कंपन्या जोडणीबरोबरच अशी पेटी देतात, ती आधी पाहावी. जिथे तारेचे इंटरनेट नाही आणि मोबाइलच्या डेटावरच सारी भिस्त आहे, तिथे हिशेब नीट करावा. सेकंदाला ५ मेगाबिट म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोज दोन जीबी मिळणाऱ्या पॅकमध्ये एचडीतला एक तासही पुरा होत नाही. तिथे सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा खाली आणावा, किंवा सरळ प्रसार भारतीचे डीडी फ्री डिश घ्यावे. २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे भाडे नाही. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की झाले.

तेव्हा दुकानात जाताना एक चिठ्ठी खिशात ठेवा. तिच्यावर सहा प्रश्न लिहा. माझा टीव्ही किती ठिपक्यांचा आणि त्याला एचडीएमआय आहे का? एच.२६५, व्हीपी९, एव्ही१ चिपमध्ये उलगडते का? वाइडवाइन एल-१ आहे का? गूगलच्या यादीत नाव आणि वस्तूवर मानक ब्युरोचा क्रमांक आहे का? वीज किती वॅट घेते आणि अॅडॉप्टर सोबत आहे का? सुधारणा किती वर्षे मिळतील? अॅपल, अॅमेझॉन किंवा रोकू यांची स्वतःची प्रणाली असलेली डबी असेल, तर गूगलच्या यादीचा आणि वाइडवाइनचा प्रश्न तेवढा बाजूला ठेवा, बाकीचे तसेच विचारा. दुकानदार सगळ्यांची उत्तरे देऊ शकला, तर ती डबी महाग नसली तरी चांगली असू शकते. आणि तो नुसता "साहेब, आठ-के आहे, सगळे फुकट आहे" एवढेच म्हणत राहिला, तर चिठ्ठी खिशात घालून पुढच्या दुकानात जा. तोवर घरी रेडिओ आहेच. त्याला वायफायही लागत नाही आणि वीजही फारशी लागत नाही.